सुखी होणं हेच ध्येय ठेवावं का?

इतर वाचणाऱ्यांना संदर्भ कळावा म्हणून तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही उदगीरकडचे, वय तिशीच्या आत, पुण्यात आयटीत नोकरी. वडील गावाकडे सोयाबीन-तूर करतात. तुमचं म्हणणं असं की आयुष्यात बाकी काही नको, फक्त सुखी राहायचंय. वडिलांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "सुखी राहायचं, हे काय ध्येय असतंय का?" पुढे तुम्ही लिहिलंय की गावी गेलं की मूड जातो, म्हणून जाणं कमी केलंय. आणि रोज झोपताना 'आज मी खूश होतो का' असं स्वतःला विचारता, तर उत्तर बहुतेक वेळा 'नाही' असंच येतं. 'सगळं आहे, तरी' असंही तुम्ही लिहिलंय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. स्वतःचं सुख हे स्वतःचं मुख्य ध्येय म्हणून फारसं कामाचं नाही. त्यात पाप नाही, स्वार्थही नाही. अडचण एवढीच की ते करता येत नाही. उद्या सकाळी उठून तुम्ही अंघोळ करू शकता, कोड लिहू शकता, आईला फोन करू शकता. 'सुखी होणं' नावाचं काम त्या यादीत कुठेच बसत नाही. मात्र हेच उत्तर मी सगळ्यांना देत नाही. कोणाला देत नाही ते पुढे येईलच.

मी मानसोपचाराचा डॉक्टर, सगळी प्रॅक्टिस मराठवाड्यातलीच. इथला पेशंट 'मी दुःखी आहे' असं क्वचितच म्हणतो. "करमंना गेलंय", "जेवण गोड लागंना", "डोकं बधिर झालंय", असं काहीतरी सांगतो, आणि सोबत आलेली माणसं "याला काही कमी नाही डॉक्टर, तरी असं करतो" म्हणून तक्रार करतात. म्हणून तत्त्वज्ञानात शिरायच्या आधी एक गोष्ट तपासून घ्या. दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन उदास आहे का, किंवा पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतली गोडी पार गेली आहे का? त्याच्या जोडीला झोप बिघडलीय, पहाटे तीन-चारला जाग येते, भूक बदललीय, थकवा आहे, कामात लक्ष लागत नाही, सतत स्वतःलाच दोष दिला जातो, मरणाचे विचार येतात, असं काही आहे का? पहिल्या दोनपैकी निदान एक धरून अशी पाच लक्षणं असतील आणि रोजचं काम अडायला लागलं असेल, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहेत. ध्येय चुकल्यामुळे तो होत नाही आणि ध्येय बदलल्याने जात नाही. जवळच्या डॉक्टरांना भेटा. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर फुकट आहे, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलता येतं. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडे मोजत बसू नका, आजच बोला.

तुमच्या पत्रावरून मला तो आजार वाटत नाही. ऑफिसला जाताय, मित्रांबरोबर ट्रेकला जाताय, जेवण-झोप ठीक आहे. तेव्हा आता ते रात्रीचं विचारणं घेऊ, कारण माझ्या मते तुमच्या त्रासाचा मोठा भाग तिथेच आहे.

झोप न लागणाऱ्या माणसाला आम्ही सांगतो की झोपायचा प्रयत्न सोडा. घड्याळ बघत 'लागली का, लागली का' म्हणत पडलेल्या माणसाची झोप त्या बघण्यानेच उडते. सुखाचंही बरंचसं असंच होतं, आणि हे नुसतं माझं निरीक्षण नाही. 2003 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना संगीताचा एकच तुकडा ऐकवला. काहींना नुसतं ऐका म्हटलं, काहींना ऐकताना होईल तितकं आनंदी व्हायचा प्रयत्न करा म्हटलं. ज्यांनी प्रयत्न केला त्यांची मनःस्थिती उलट खालावली. 2011 मध्ये मानसशास्त्रज्ञ आयरिस मॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही स्त्रियांना आनंदी असणं किती महत्त्वाचं आहे असं सांगणारा मजकूर वाचायला दिला आणि मग एक आनंदी चित्रफीत दाखवली. तो मजकूर वाचलेल्यांना चित्रफितीतून इतरांपेक्षा कमी आनंद मिळाला. दुःखी चित्रफितीच्या वेळी असा फरक दिसला नाही. कारणही समजण्यासारखं आहे. दुःखाच्या वेळी वाईट वाटलं तर माणूस परिस्थितीला दोष देतो. सगळं नीट असताना पुरेसं छान वाटलं नाही तर स्वतःला देतो. तुमचं 'सगळं आहे, तरी' हे वाक्य मला इथलंच वाटतं.

पण हे सगळं अमेरिकेतलं, असं तुम्ही म्हणाल, आणि ते बरोबर आहे. याच गटातल्या संशोधकांनी 2015 मध्ये अमेरिका, जर्मनी, रशिया आणि पूर्व आशिया अशी तुलना केली. सुखाच्या मागे लागणारे लोक अमेरिकेत कमी समाधानी निघाले, जर्मनीत काही संबंध दिसला नाही, आणि रशिया व पूर्व आशियात ते उलट जास्त समाधानी निघाले. फरक कशाने पडला? जिथे सुखाच्या मागे लागणं म्हणजे माणसांत मिसळणं, कोणाला मदत करणं, घरच्यांसोबत वेळ काढणं असा अर्थ लोक घेतात, तिथे तो पाठलाग बाधत नाही. या तुलनेत भारत नव्हता, त्यामुळे ताणून काही सांगणार नाही. पण मला विचाराल तर पुण्यातल्या फ्लॅटमध्ये एकट्याने मोबाइलकडे बघत 'आज मी खूश होतो का' विचारणं हा अमेरिकी प्रकार झाला, पत्ता हिंजवडीचा असला तरी.

या विषयातला सगळ्यांत बोलका माणूस म्हणजे इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल. जन्म 1806, लंडनचा. बापाने त्याला शाळेत न घालता घरीच शिकवलं: तिसऱ्या वर्षी ग्रीक, आठव्या वर्षी लॅटिन, पुढे गणित, तर्कशास्त्र, अर्थशास्त्र. बाप जेरेमी बेंथम या विचारवंताचा मित्र आणि अनुयायी. जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख हे दोघांचं तत्त्व, आणि ते पुढे न्यायला हे पोर तयार होत होतं. 1826 मध्ये, विशीत, त्याने स्वतःला एक प्रश्न विचारला: समज, तुला समाजात जे जे बदल हवेत ते सगळे या क्षणी झाले, तर तुला आनंद होईल का? आतून सरळ 'नाही' आलं आणि गडी खचला, कित्येक महिने खचलेलाच राहिला. त्यातून बाहेर आल्यावर त्याने काढलेला निष्कर्ष मजेशीर आहे. सुख हेच जीवनाचं साध्य, हे मत त्याने सोडलं नाही. पण ते हवं असेल तर नजर दुसऱ्या कशावर तरी ठेवावी लागते, दुसऱ्याच्या भल्यावर, एखाद्या कलेवर, कामावर, आणि सुख वाटेत सापडतं, असं तो लिहून गेला. सुखवाद्यांच्या घरातच वाढलेल्या माणसाने हे म्हणावं, म्हणून मी त्याचं मत जास्त मानतो.

मिलचं हे बालपण वाचताना लातूरची आठवण होणं मला चुकवता येत नाही. नीटच्या तयारीसाठी आसपासच्या जिल्ह्यांतून पोरं येतात, होस्टेलवर राहतात, सकाळपासून रात्रीपर्यंत क्लास, टेस्ट, पुन्हा क्लास. 'एकदा नंबर लागू दे, मग सुखच सुख' हे घरातल्या सगळ्यांनी मिळून ठरवलेलं असतं. नंबर न लागलेल्या पोरांची काळजी सगळे करतात, ते योग्यच आहे. पण नंबर लागून मेडिकलच्या पहिल्या वर्षाला गेलेली आणि 'काहीच वाटत नाही' म्हणणारी पोरंही माझ्यासमोर बसतात, आणि त्यांचं बोलणं घरात कोणाला पटत नाही. त्यांनी ध्येय गाठलेलं असतं. पोहोचल्यावर जे वाटायला हवं होतं, ते तिथे ठेवलेलं नसतं.

आता पैशाची गोष्ट. लॉटरी लागलेले आणि अपघातात अपंग झालेले काही काळाने सारखेच सुखी होतात, हे तुम्ही कुठेतरी ऐकलं असेल. ज्या 1978 च्या अभ्यासावरून हे सांगतात, त्यात लॉटरीवाले होते 22 आणि अपघातग्रस्त 29. लॉटरीवाले सामान्य माणसांपेक्षा फारसे सुखी निघाले नाहीत आणि रोजच्या साध्या गोष्टींत त्यांना कमी मजा येत होती, हे खरं. पण अपघातग्रस्त सामान्यांपेक्षा स्पष्टपणे कमी सुखी होते. 'सारखेच' हे मागाहून लोकांनी चिकटवलेलं. शिवाय 2020 मध्ये स्वीडनचा बराच मोठा अभ्यास आला. मोठं बक्षीस लागलेल्यांचं एकूण आयुष्याबद्दलचं समाधान वाढलेलं होतं आणि ते दहा वर्षांनंतरही टिकून होतं. त्यांच्या रोजच्या आनंदात मात्र तेवढा फरक नव्हता.

समृद्धी महामार्गात जालना आणि संभाजीनगर जिल्ह्यांतल्या जमिनी गेल्या, मोबदला आला, तेव्हा मी साधारण हेच बघितलं. ज्यांनी देणं फेडलं, दुसरीकडे जमीन घेतली, त्यांच्या बोलण्यातली धास्ती गेली. ज्यांनी मोठी गाडी घेतली त्यांना गाडी वर्षभर पुरली. पैशाने सुख येत नाही, हे वाक्य त्यामुळे मी कधी वापरत नाही. सावकाराचा फोन वाजायचा थांबतो, याची किंमत ज्याला तो फोन कधी आला नाही त्याने ठरवू नये.

मग करायचं काय? क्लिनिकमधली आमची एक साधी पद्धत तुम्हाला सांगतो. नैराश्याच्या उपचारात ती वापरतात, पण आजार नसलेल्या माणसालाही उपयोगी पडते. वहीत दिवसाचे तास पाडायचे आणि त्या तासात काय केलं ते लिहायचं, पाच-सहा शब्दांत. प्रत्येकापुढे दोन आकडे, दहापैकी. पहिला आकडा मजा किती आली याचा. दुसरा, काहीतरी पार पाडलं, आपल्या हातून झालं, असं किती वाटलं याचा. आठवडाभर. विश्लेषण करायचं नाही, कविता करायची नाही, आकडे टाकून वही मिटायची.

बहुतेकांच्या वहीत जे दिसतं ते त्यांना स्वतःलाच नवीन असतं. रात्री दोन तास रील्स बघितले: मजा चार, दुसरा आकडा शून्य. वडिलांना दवाखान्यात नेलं, नंबर लावून दुपारपर्यंत बाकड्यावर बसलो: मजा एक, दुसरा आठ. चुलतभावाच्या लग्नात पंगतीला वाढलं: सहा आणि सहा. हे दोन आकडे बऱ्याचदा एकमेकांसोबत चालतच नाहीत. सुख हेच ध्येय म्हणणारा माणूस नकळत फक्त पहिल्या रकान्याची बेरीज वाढवायला बघतो, आणि त्या रकान्यात स्वस्तात आकडा देणाऱ्या गोष्टी आपल्या खिशातच असतात. दुसऱ्या रकान्याचे आकडे महाग असतात, पण चार दिवसांनीही ते कमी झालेले नसतात. फक्त दुसराच रकाना भरणारी माणसंही मला भेटतात, विशेषतः घरातले थोरले मुलगे. सगळं पार पाडलेलं, मजा सगळीकडे एक-दोन. त्यांना मी गाण्याच्या भिशीला नाहीतर क्रिकेटला पाठवतो, अक्षरशः औषधासारखं लिहून देऊन.

याचा पुढचा टप्पा असा: एखादी गोष्ट टाळावीशी वाटते तेव्हा ती करायच्या आधीच अंदाज लिहून ठेवायचा. 'भावाकडे गेलो तर मजा एक येईल.' मग जाऊन यायचं आणि खरा आकडा टाकायचा. खचलेल्या माणसाचा अंदाज नेहमी खऱ्यापेक्षा खाली निघतो, असं नाही, पण इतक्या वेळा निघतो की हळूहळू त्याचा स्वतःच्या अंदाजावरचा विश्वास उडतो, आणि आम्हाला तेच हवं असतं. मूड चांगला झाल्यावर काम करू, हा क्रम उलटा करायचा. पीटर लेविनसोन या मानसशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात ही दिशा धरली. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत याच तत्त्वावरचा उपचार सहा ते आठ बैठकांत, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या माणसांकडून करून बघितला, आणि तीव्र नैराश्याच्या रुग्णांनाही त्याचा फायदा झाला. ते निष्कर्ष 2017 मध्ये छापून आले. आपल्याकडे दर तालुक्याला मानसोपचारतज्ज्ञ नाही, तेव्हा ही बातमी मला औषधाच्या नव्या गोळीपेक्षा मोठी वाटली होती.

आता ज्यांना मी हे उत्तर देत नाही त्यांच्याबद्दल. 'स्वतःच्या सुखाच्या मागे लागू नये' हे वाक्य ज्यांना जन्मापासून ऐकवलं गेलंय, त्यांना डॉक्टरनेही तेच ऐकवायचं काही कारण नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळात गाजला. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. पाळीत किंवा दुखण्यात खाडा पडला की दंड, आणि आगाऊ घेतलेली उचल फिटत नाही. अशी बाई कंबर धरून समोर बसते तेव्हा तिला अर्थपूर्ण जीवनावर व्याख्यान द्यायचं? तिला मी विचारतो, "बाई, तुम्हाला काय बरं वाटतं?" पुष्कळदा उत्तर येत नाही, कारण हा प्रश्नच तिच्या कानांना नवा असतो. मारहाण करणाऱ्या नवऱ्याकडे परत पाठवताना 'संसारात सुख शोधायचं नसतं' म्हणणारे नातेवाईकही मी बघितले आहेत. अशा ठिकाणी सुखाचा हट्ट धरणं हेच निरोगी मनाचं लक्षण आहे, आणि मी त्या बाईच्या बाजूने हट्ट धरतो.

तुमच्या वडिलांच्या मतालाही एक धोक्याची बाजू आहे. 'कर्ज फेडायचं, पोरींची लग्नं करायची, शेत राखायचं' एवढ्यावरच उभा असलेला माणूस मजबूत दिसतो. पण पाऊस ओढ देतो, सोयाबीनला भाव येत नाही, आणि त्याचं एकमेव ध्येय त्याच्या हाताबाहेर जातं. मग मागे काही उरत नाही: ना छंद, ना मित्र, ना 'आज बरं वाटलं' म्हणायची सवय. शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी सरकारने 2015 मध्ये मराठवाडा-विदर्भातल्या चौदा जिल्ह्यांत प्रेरणा प्रकल्प सुरू केला, तो उगीच नाही. कर्तव्य करता येतं, म्हणून ध्येय म्हणून ते सुखापेक्षा बरं. पण एकटं असेल तर तेही घात करतं.

तरीही तुमच्या वडिलांच्या बोलण्यात मला एक गंमत दिसते. स्वतःचं सुख हे ध्येय नसतं म्हणणाऱ्या या माणसाने तुमच्या शिक्षणाचे हप्ते कशासाठी भरले? तुमच्या सुखासाठीच. आपल्यासाठी निरुपयोगी असलेलं हे ध्येय दुसऱ्यासाठी मात्र चांगलं कामाचं ठरतं, कारण दुसऱ्याच्या सुखासाठी काय करायचं ते समोर दिसतं: फी भरायची, गुडघ्याचा डॉक्टर शोधायचा, पाण्याची टाकी बसवायची. कांट नावाचा जर्मन तत्त्वज्ञ 1797 मध्ये हेच म्हणाला होता. माणसाने कर्तव्य म्हणून दोन गोष्टी साधायच्या, स्वतःला घडवणं आणि दुसऱ्यांचं सुख. या दोहोंची अदलाबदल, म्हणजे स्वतःचं सुख आणि दुसऱ्यांना घडवणं असं, करायची नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणून लातूरला पाजलं, तेव्हा ते पाण्याचे डबे भरणाऱ्या माणसांना आपण कोणाचं काय भलं करतोय याचा विचार करत बसावं लागलं नसणार.

तेव्हा तुमच्यापुरतं सांगतो. रात्रीचं ते विचारणं महिनाभर बंद. त्या जागी वही आणि दोन आकडे. ध्येय म्हणून एक-दोन अशा गोष्टी ठरवा ज्यांचं काम येत्या मंगळवारी करता येईल: एखादं कौशल्य, एखादी जबाबदारी, एखादं माणूस. सुखाकडे लक्षच द्यायचं नाही असं मात्र नाही. सहा-सहा महिने पहिला रकाना कोरडा राहिला तर नोकरी, राहणं, सोबतची माणसं यांत काहीतरी बदलायला हवं, हे कळण्यासाठी तो लागतो.

आणि गावी जाणं. तुम्ही तिथे गेलात की काय करता, हे लिहिलेलं नाही. माझा अंदाज, खाटेवर पडून मोबाइल बघता आणि आई-वडिलांच्या तक्रारी ऐकता. त्यात कोणाचाही मूड जाईल. पुढच्या वेळी सोयाबीनची रास असेल तेव्हा जा, नाहीतर आईच्या डोळ्यांची तपासणी उदगीरला करून आणायची म्हणून जा. निघण्याआधी दोन्ही आकड्यांचा अंदाज लिहा, परतीच्या बसमध्ये खरे आकडे टाका. असं तीन-चार वेळा केल्यावर किती वेळा जायचं ते तुम्हीच ठरवा. दर आठवड्याला जा असं मी म्हणणार नाही. रात्रभराचा प्रवास आहे, आणि सोमवारी सकाळी तुमची मीटिंगही असते.